हक्कसोड

वकील तनुजा दांगट आंबेगावच्या महिला मंडळात मुलींच्या जमिनीतल्या हक्कावर बोलायला गेली. सुरुवातीलाच तिने विचारलं, "आपल्याकडे भाऊ बहिणींचा हक्क मारतात, असं किती जणींना वाटतं?" झाडून सगळे हात वर झाले. "आणि तुमच्यापैकी कुणाचा मारला गेलाय?" एकही हात वर आला नाही. हक्कसोडपत्रावर सही मात्र सगळ्याच जणींनी केलेली होती.

"माझे भाऊ तसले न्हाईत, ताई," पुढे बसलेल्या बायडाबाई म्हणाल्या. "सहीच्या दिवशी गाडी धाडली, जेवू घातलं, वर साडी नेसवली."

घरी आली तरी तनुजाचा संताप आवरेना. "एका साडीवर बापाची जमीन सोडतात," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि वर भावाचेच गोडवे गातात."

नवरा हळूच म्हणाला, "सही तर तूही केलीस, तनू."



"माझं वेगळं आहे. दादाला वकील शोधत फिरायला नको, म्हणून तो कागद मीच तयार करून नेला होता."