डावा कोपरा

पाहुणा कपडे बदलायच्या खोलीत शिरला आणि सगळ्यांचं बोलणं तुटलं. त्याच्या खुंटीवर कोणीतरी घामेजलेला मोजा टांगून ठेवला होता. त्याने तो काढून बाकावर ठेवला आणि निमूटपणे बुटाची नाडी सोडायला बसला.

शाळेच्या फुटबॉल संघात त्याचं हे पहिलंच वर्ष. आधी तो नदीपलीकडच्या शाळेकडून खेळायचा, म्हणून पाहुणा. त्याच शाळेने यंदा ह्या संघाला दोनदा धूळ चारली होती, आणि दोन्ही वेळा ह्यांचा प्रत्येक डाव आधीच पाठ असल्यासारखी. उद्या अंतिम सामना पुन्हा तिच्याशीच. सरांनी कप्तानाला स्पष्ट बजावलं होतं, "हरलास तर दंडावरची कप्तानपदाची पट्टी लंबूला."

लंबू म्हणजे गोलकीपर, कप्तानाचा लहानपणापासूनचा दोस्त. पट्टी कप्तानाला मिळाली तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन नाचला होता तो. पाहुणा फितूर आहे, हेही सगळ्यांत आधी त्याच्याच लक्षात आलं.

सापळा मात्र कप्तानाचा. "उद्या पेनल्टी मिळाली तर मी डाव्या कोपऱ्यात मारणार," तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला.

पाहुण्याने मान वर केली. "डावीकडे नको. मी त्यांच्या गोलकीपरबरोबर खेळलोय. तिकडे तो हमखास झेपावतो."

"तुला कोणी विचारलं?"

"नाही."

"मग तोंड बंद ठेव. इथे आणि नदीपलीकडेही."

दोघंतिघं फिदीफिदी हसले. पाहुणा बूट हातात घेऊन निघून गेला.

खोली रिकामी झाल्यावर कप्तान लंबूला घेऊन परत मैदानावर आला. खरा फटका मधोमध जाणार होता, अगदी हळू. पेनल्टीला गोलकीपर जागेवर थांबत नाही, कुठल्यातरी बाजूला उडी मारतोच. लंबूनेही मारली. चेंडू निवांत जाळीत गेला.

"उद्या त्यांचा गोलकीपर डावीकडे झेपावला की गोल आपला आणि फितूरही उघडा," कप्तान म्हणाला. "सगळ्यांसमोर त्याचा शर्ट उतरवून घेतो."

"पण हे मधोमधचं कोणाला बोलू नकोस," लंबू म्हणाला. "सरांनाही नाही."

"तुझ्याशिवाय कोणाला सांगतोय मी?"

दुसऱ्या दिवशी सामना संपत आला तरी एका गोलची पिछाडी काही भरून निघेना. मग गोलच्या तोंडाशी पाहुण्याला आडवं पाडलं गेलं आणि पंचांनी पेनल्टी दिली. गुडघ्यातून रक्त गळत असताना पाहुण्याने स्वतः चेंडू आणून कप्तानाच्या हातात दिला.

"डावीकडे नको," तो पुन्हा पुटपुटला.

कप्तानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतका साळसूदपणा. "हो बाजूला," तो म्हणाला.

शिट्टी झाली. कप्तान जोरात धावत आला, ऐन वेळी पाय सैल सोडला आणि चेंडू अलगद मधोमध उचलला.

समोरचा गोलकीपर जागचा हललाच नाही. हातात दिल्यासारखा त्याने चेंडू छातीशी धरला. मग कप्तानाच्या डोक्यावरून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडे बघत त्याने अंगठा वर केला.

त्या टोकाला लंबू एकटाच उभा होता.