एकही मावा नाही

"साखर जास्त झालीये," मुलगा म्हणाला.

आईला हायसं वाटलं. बशीत चहा सांडला असता तर त्याने आधी ते काढलं असतं. म्हणजे कप नीट भरला गेला होता.

वर्षभरापासून तिच्या नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग बसला होता. ज्याच्याकडे बघावं ते नेमकं त्या डागात गडप व्हायचं आणि कडेचं तेवढं दिसत राहायचं. डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं होतं. तिने मात्र कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. मुलगा आणि सून आज कशाला आलेत हेही तिला ठाऊक होतं. एकटीचं जमत नाही असं दिसलं, की हे घर बंद करायचं आणि तिला आपल्याकडे न्यायचं, त्या मागच्या खोलीत. सून वाईट नव्हती. खोलीही वाईट नव्हती. पण ती तिची नव्हती, आणि हे घर तिचं होतं.

म्हणून तिने आठवडाभर कसून तयारी केली होती. सकाळच्या गोळ्यांच्या डबीला एक रबर, रात्रीच्या डबीला दोन. टेबलावर वर्तमानपत्र उघडून ठेवलेलं, आणि त्यातल्या बातम्या सकाळीच रेडिओवर ऐकून पाठ केलेल्या. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासलेली बाई ती. परीक्षक कुठे बोट ठेवणार हे तिला कोण शिकवणार?

मुलगा घरभर फिरला. गॅसची नळी जुनी झालीये, म्हणाला. न्हाणीघरातलं पायपुसणं घसरतं, म्हणाला. खिडकीची कडी ढिली आहे, म्हणाला. तो बोलत गेला तशी ती खुलत गेली. चूक काढल्याशिवाय त्याला लहानपणापासून घास गिळवत नसे, आणि हे वळण त्याला तिच्याकडूनच मिळालं होतं. आता तो लिफ्ट तपासायच्या नोकरीत होता. देवाने जोडी जमवावी तशी त्या नोकरीशी त्याची जोडी जमली होती.

"काल यांनी एका इमारतीची लिफ्ट सील केली," सून सांगू लागली. "मला वाटलं, लोक अंगावर येतील. पण सगळे गुमान घरी गेले."

"त्यात काय," मुलगा म्हणाला. "दुरुस्त होण्यासारखी असली तर मी एकेक दोष काढून भांडतो. बंदच करायची ठरली की भांडत नाही. गोड बोलतो. उगाच कशाला कुणाला दुखवायचं?"

आई हसली. तिने खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण डाव जिंकत आलेल्या माणसाला थांबवतं कोण?

"गॅलरीत चला," ती म्हणाली. "माझा घेवडा बघा."

चार डब्यांतून चार वेल दोऱ्यांवर चढले होते. ती पुढे झाली, एका हाताने कठडा धरून, पण सहज धरल्यासारखा.

"गेल्या वर्षी मावा पडला होता, आठवतं? देठ न् देठ काळा झाला होता त्या किड्यांनी. तेव्हा तू काय म्हणालास? तुला चार वेल सांभाळता येत नाहीत, तू घर काय सांभाळणार. यंदा रोज सकाळी साबणाचं पाणी घेऊन बसते. पान न् पान पालथं करून पुसते."

तिच्या लेखी यातलं अक्षरही खोटं नव्हतं. तिने हात वर केला, चाचपून एक शेंडा धरला आणि मुलाच्या तोंडासमोर खाली ओढला.

"दाखव एक तरी मावा. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"अहो आई, हे तर..." सून म्हणाली आणि मध्येच गप्प झाली, कुणीतरी हात दाबल्यासारखी.

मुलगा शेंड्यावर वाकला. आई वाट बघत राहिली. काढेल काहीतरी. डबा गंजलाय म्हणेल, गाठ चुकीची मारलीस म्हणेल.

"एकही नाही," मुलगा म्हणाला. "छान ठेवलेस गं वेल, आई."

छान हा शब्द त्याच्या तोंडून तिने आजवर ऐकला नव्हता. शाळेत पहिला आला तेव्हा त्याने स्वतःलाही तो लावला नव्हता.

मग तिला बोटांतल्या शेंड्याची जाणीव झाली. तो चिकट होता, पाक सांडल्यासारखा. अंगठ्याखाली रव्यासारखं काहीतरी दाट लागत होतं, मऊ, आणि हलत होतं. तिने अंगठा दाबला तसं ते ओलं झालं. हाताला लागतील तेवढी खालची पानं ती रोज पुसत राहिली होती. वेल दोरीवरून तिच्या डोक्यावर कधी गेला ते तिला दिसलंच नव्हतं. मावा कोवळ्या शेंड्याला धरतो हे तिला माहीत नव्हतं असंही नाही.

तिने शेंडा सोडला.

"डबा गंजलाय बघ हा," ती घाईघाईने म्हणाली. "आणि दोरी पण सैल बांधलीये मी. पाणी खाली गळतं, खालच्या बाई ओरडतात."

"असू दे गं. सगळं छान आहे."

त्याने तिचा दंड धरला आणि तिला हळूहळू खोलीच्या दाराकडे वळवलं. त्या दारातून ती तीस वर्षं दिवसातून दहादा आत-बाहेर करत आली होती.

"जपून हं, आई. उंबरा आहे," तो इतकं गोड म्हणाला, की तिने मुकाट्याने पाय उचलला.