लीजचं घर

"भिंतीला ओल हाय का बघा की सावकाश. आमाला घाई न्हाय," म्हणत घरमालक आण्णाप्पा बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसला.

तेजस्वीनं प्रत्येक खोलीचे फोटो काढले, नळ सोडून पाहिले, दिव्यांची बटणं दाबून पाहिली. बेळगावात खडेबाजारामागच्या मालकानं रंगाचं निमित्त काढून तिचं डिपॉझिट गिळलं होतं. घरमालक नावाच्या प्राण्यावरचा तिचा विश्वास तेव्हापासून उडाला होता.

निपाणीतलं हे घर लीजवर होतं. पाच लाख एकदम द्यायचे, मग महिन्याचं भाडं नाही. घर सोडताना पाच लाख जसेच्या तसे परत. तेजस्वीचे पाच लाख म्हणजे वडील गेल्यावर मिळालेला त्यांचा सगळा फंड. तो बुडाला तर गावी सदलग्याला आईसमोर उभं राहायची सोय उरणार नव्हती. वकिलाकडून करार तपासून झाला होता, पैसे खात्यातूनच द्यायचे होते. पण माणूस कसा आहे हे करारात लिहिलेलं नसतं. म्हणून घर सोडणाऱ्या बाईलाच विचारायचं, असं तिनं ठरवलं होतं.

ती बाई, समता, स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. बाकी सामान गाठोड्यांत बांधलेलं होतं, आणि दोऱ्यांवर धूळ बसली होती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर तेवढी राहिली होती. ती पाहून तेजस्वीला हायसं वाटलं.

"जयभीम, आक्का. कवा निघणार?"

"जयभीम. आमी तयारच हाय. तुमचं ठरलं की निघालो."

"खरं सांगा, मालक कसा हाय?"

समतानं भाकरी उलटली. "लई सज्जन. पाण्याची अडचण न्हाय, वाकडा शब्द न्हाय."

"आणि घर सोडताना पैसे देतो न्हवं? माझ्या बाच्या कष्टाचं हायत, आक्का."

भाकरी करपायला लागली, तरी समता तव्याकडं नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "देतो की. तुमच्या डोळ्यांसमोर दील बघा."

तेजस्वीला भरून आलं. परक्या गावात आपलं माणूस भेटलं होतं. तिनं बाहेर जाऊन करारावर सही केली आणि मोबाईलवरून पैसे पाठवले. पैसे आल्याची खात्री करून आण्णाप्पा आपल्या मोबाईलवर बराच वेळ बोटं फिरवत राहिला. आत समताचा मोबाईल वाजला.

"घे बाई तुझं पाच लाख," त्यानं कट्ट्यावरूनच हाक दिली. "वरीसभर डोस्कं खाल्लंस. नवीन माणूस आल्याबिगर मी कुठनं देणार? किल्ली दे ह्यांना."

समता बाहेर आली. तिनं पिठाच्या हातानं किल्ली तेजस्वीच्या हातात ठेवली. वर मात्र बघितलं नाही.

"मलाबी माझ्या आदीच्या बाईनं असंच सांगितलतं," ती म्हणाली.