कोरी ओळ

वकील न घेता त्याने शिक्षेविरुद्धचं अपील तुरुंगातून स्वतःच लिहिलं होतं, आणि ते दहा दिवस उशिरा दिलं होतं. कैद्यांना कायदेशीर मदत करणाऱ्या श्रद्धाला नवल वाटलं, कारण अर्जातली बाकी एकही तारीख चुकलेली नव्हती. "काका, साठ दिवसांची मुदत ठाऊक होती ना?" "व्हय. साठच झालेत, मोजा की." त्याने घडी घातलेलं कॅलेंडर पुढे केलं. पेन्सिलीच्या फुल्या खरंच साठ होत्या. पण प्रत्येक पानावर एक आडवी ओळ कोरी होती. "गुरुवार का सोडलेत?" "गुरुवारी कंपनी बंद असती, ताई. चाकणला मशीनवर बावीस वर्षं काढली मी." "पण इथे आत कुठे सुट्टी असते?" तो कोऱ्या ओळीवरून बोट फिरवत राहिला. "गुरुवारी मी घरी असतो," शेवटी तो म्हणाला. "तो दिस जेलमधी कसा धरायचा?"