आईच्या जागी व्हायोलिन

घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आईचा आवाज जाणार, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. म्हणून आयलानं तिचं गुणगुणणं आधीच रेकॉर्ड केलं, त्याभोवती पियानोची रचना बांधली आणि संगीतकारांच्या ऑनलाइन गटावर टाकली. “पियानो सुरेख, पण बाई बेसूर गातेय,” एकानं लिहिलं. “राग मानू नकोस, तिथं व्हायोलिन घाल,” दुसरा म्हणाला. आयलाला पटलं. व्हायोलिन घातल्यावर गटानं रचना डोक्यावर घेतली. त्या आवाजाची लाज वाटून तिनं मूळ रेकॉर्डिंगही पुसून टाकलं. शस्त्रक्रियेनंतर, कॅनडातल्या थंडर बे शहरातल्या इस्पितळात तिनं आईच्या कानांना हेडफोन लावले. आईनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं, मग गळ्यावरच्या पट्टीला बोट लावत तिच्याकडे पाहिलं. “तो भाग काढला गं. सगळे म्हणाले, असंच छान वाटतं.” आयला म्हणाली. तिचा हात थोपटून आईनं गुणगुणायला तोंड उघडलं. नुसती हवा आली.