दगड उकळायला ठेवला तेव्हा
मुलगा कामानिमित्त परगावी गेला आणि घरातल्या खाऱ्या पाण्याच्या फिशटँकची जबाबदारी वडिलांवर आली. एका दगडावर तपकिरी बटणांसारखं काहीतरी माजलं होतं. शेवाळ असेल म्हणून त्यांनी तो दगड काढून पातेल्यात उकळायला ठेवला. तेवढ्यात मुलाचाच फोन आला. "तुझ्या दगडावरचं शेवाळ उकळून काढतोय, लख्ख करून ठेवतो," ते अभिमानाने म्हणाले. मुलगा किंचाळलाच, "बाबा, ते शेवाळ नाही, प्रवाळ आहे! या जातीचं उकळलं की वाफसुद्धा विषारी असते. श्वास रोखून गॅस बंद करा आणि आईला घेऊन बाहेर पळा!" त्याची आई स्वयंपाकघरालगतच्या खोलीत झोपली होती. हाक मारायची सोय नव्हती. तोंड उघडलं की वाफ आत जाणार. त्यांनी गॅस बंद केला, तिला दंडाला धरून उठवलं आणि तशीच ओढत जिन्यात आणलं. "अहो, वेड लागलंय का?" म्हणेपर्यंत तिला खोकल्याची उबळ आली. दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, तेव्हा त्यांना धड बसवेना, धड उभं राहवेना. डॉक्टर "आता धोका नाही" म्हणाले, तरी ते दारातून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलगा पोचला. "सगळं नीट सांगूनच जायला हवं होतं मी. टँक देऊन टाकतो कुणाला तरी," तो म्हणाला. "मी तरी कुठे विचारलं? टँक राहू दे," वडील म्हणाले. "तो साफ करताना हातमोजे आणि संरक्षक चष्मा लागतो ना? माझ्या मापाचे आण."