गायीचा पाचवा पाय

उरुग्वेतल्या साल्तो गावच्या ओफेलियाबाईंनी तीन वर्षं खपून लहान मुलांसाठी बुद्धिमापन चाचणी तयार केली होती. ती भरवशाची ठरायची, तर महिन्याभराने त्याच मुलांना तेच प्रश्न विचारल्यावर गुणही जवळपास तेवढेच पडायला हवे होते.

सहा वर्षांची सुल्मा पहिल्या खेपेला सगळ्यांत पुढे होती. आज मात्र तिने गायीला पाच पाय दिले, बर्फ गरम असतो म्हणून सांगितलं आणि संत्र्याला खुशाल भाजी ठरवलं. ओफेलियाबाईंच्या हातातला माते-चहा तसाच निवून गेला.

दाराशी उभ्या असलेल्या सुल्माच्या आईने कपाळावर हात मारला. "मनगटाला लाल फीत बांधायची तेवढी राहिली, आणि लागलीच की हो पोरीला दृष्ट!"

बाईंनी सुल्माला जवळ घेतलं. "बाळा, मागच्या महिन्यात तर सगळी उत्तरं बरोबर दिली होतीस. मग आज काय झालं गं?"

सुल्माने चकित होऊन विचारलं,

"बरोबर होती? मग तेच परत कशाला विचारलंत?"